मधल्या पानावरचं कटिंग

दसरा होऊन गेला की कसबा बावड्यात एक विचित्र आठवडा येतो. पाऊस संपलेला असतो, पण संपला असं म्हणायला कुणी धजत नाही. ऊन पाठीला चावतं. ऊस माणसाच्या वर गेलेला असतो, कारखान्याचं धुराडं अजून गप्प असतं आणि बायका कठड्यावर गाद्या, गोधड्या वाळत टाकतात. दरवर्षी याच आठवड्यात मला नव्या छापील कागदाचा वास येतो. घरात तसा कागद कुठंही नसतो. एकेकाळी या दिवसांत आमचा दिवाळी अंक छापून यायचा, तो वास नाकात कायमचा राहून गेलाय.

यंदा गणपती उठल्यावर एक फोन आला. इथलेच एक गृहस्थ छोटासा दिवाळी अंक काढतात. म्हणाले, बायकांच्या कपड्यांवर दोन पानं हवीत, तुम्ही पूर्वी मासिकात चित्रं काढायचा ना, काय करायचं ते तुमच्या मनानं करा. मनानं करा, असं मला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं. ती पानं मी दिली नाहीत. तिथं आता एका साडीच्या दुकानाची जाहिरात आहे. अंक परवाच घरी आला आणि तो हातात धरून बसले असताना ते सगळे दिवस पुन्हा उघडले.

माझं मासिक म्हणजे कोल्हापुरातून निघणारं बायकांचं मासिक. शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरच्या चहाच्या कपात गोल लाटा उठायच्या. कुसुमबाई संपादक होत्या. पांढऱ्या सुती साडीतल्या, मोठ्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. मी कलाशिक्षणाचा कोर्स करून तिथं लागले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, तुला शिवता येतं का? मी येतं म्हटलं. मग चित्र येईलच, असं म्हणून त्यांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं.

तसलं मासिक मी लहानपणापासून ओळखत होते. आई ते घ्यायची. मुखपृष्ठावर हातानं रंगवलेली बाई असायची, आतमध्ये लोकरीचे टाके, रांगोळ्या, पदार्थ, आणि मधल्या पानावर कटिंग. ब्लाउजचं, फ्रॉकचं, झबल्याचं. पिना काढून ते पान सोडवायचं, वर्तमानपत्रावर ठेवून दातेरी चाकीनं टोचून घ्यायचं आणि टोचलेल्या ठिपक्यांवरनं कात्री चालवायची. आमच्या गल्लीत एक अंक आठ-दहा घरं फिरायचा. परत यायचा तेव्हा मधलं पान नसायचंच. कधी त्याच्या जागी दुसऱ्या महिन्याचं पान घालून दिलेलं असायचं. कुणी त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. कटिंग छातीचं बत्तीस माप धरून छापलेलं असे आणि गल्लीत बत्तिसाची एकही बाई नव्हती. त्यामुळं प्रत्येकीला ते बदलावंच लागायचं. कुणी बगलेत बोटभर वाढवी, कुणी गळा वर घेई. एकाच पानातून दहा ब्लाउज निघायचे आणि दहाही वेगळे असायचे. त्या बदलण्याला काही नाव असतं हे आईला ठाऊक नव्हतं. मला पुढं कॉलेजात ते नाव कळलं, डिझाइन. तोवर ते करणाऱ्या बायका रेडीमेड घ्यायला लागल्या होत्या.

मी मासिकात गेले तेव्हा मधलं पान अजून होतं. त्यासाठी कटिंगं वाचकच पाठवायच्या. इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी, कुठकुठून पाकिटं यायची. त्यात चंदगडचं पाकीट हातात घेतल्याबरोबर ओळखू यायचं. ते ओलसर असायचं. पावसाळ्यात तर शाई पसरून पत्ता निळ्या डागासारखा दिसायचा, तरी पोस्टमन ते आणून द्यायचा. पाठवणाऱ्या बाईंचं नाव तुळसाक्का. चंदगडच्या पुढं एका वाडीत त्या शिलाईचं मशीन चालवायच्या. शाळा चौथीपर्यंत झालेली. वहीच्या कागदावर त्या कटिंग काढायच्या आणि खाली ते कुणासाठी सुचलं ते लिहायच्या. नुसतं कटिंग त्यांनी कधीच पाठवलं नाही.

एकदा त्यांनी गाऊनला पदर शिवला होता. शेजारच्या सुनेला गाऊन सोयीचा वाटायचा, पण सासऱ्यांपुढं जाताना ती त्यावर टॉवेल घ्यायची आणि तो चुलीपाशी घसरायचा. म्हणून अक्कांनी गाऊनच्याच कापडाची पट्टी एका खांद्यात शिवून घेतली आणि दुसऱ्या बाजूला कमरेशी बटणात अडकवली. हे वाचून कुसुमबाई मोठ्यानं हसल्या आणि मग बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, या बाईला कुणी शिकवलं असेल गं? पुढच्या एका पाकिटात अंगावर पाजणाऱ्या आईसाठी चुणीखाली लपलेली फट असलेलं पोलकं आलं. ते छापल्यावर तीन महिने पत्रं येत होती. बायका विचारत होत्या, दोन इंच वाढवलं तर चालेल का, नायलॉनमध्ये होईल का. मी ती पत्रं अक्कांना पाठवायचे आणि त्या एकेकीला उत्तर द्यायच्या.

अक्कांची कटिंगं शाईत पक्की करणं आणि त्याशेजारी ते घातलेल्या बाईचं चित्र काढणं हे माझं काम. इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. मी त्या बायका बारीक काढायचे. अक्कांच्या वाडीतली बाई मी कधी पाहिली नव्हती, पण डोळ्यांसमोर यायची ती मुंबईच्या इंग्रजी मासिकातली, लांब मानेची, कमरेशी मूठभर. कुसुमबाईंनी एकदा चित्रावर बोट ठेवून विचारलं, ही भात कशी लावेल? मी म्हटलं, चित्रात असंच बरं दिसतं. त्यांनी चित्र छापायला दिलं. मीही पुढचं चित्र तसंच काढलं. पुढं जे झालं त्याचा दोष मी नंतर दुसऱ्यांवर टाकत आले, पण पहिली कात्री माझीच होती.

ज्या दिवाळीबद्दल मी सांगतेय तिला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. कुसुमबाईंना त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची भाची तन्वी पुण्याहून मासिक बघायला आली. तन्वी वाईट मुलगी नव्हती. कष्टाळू होती, सगळ्यांना अहो-जाहो करायची. तिनं पहिल्याच दिवशी विक्रीचं खरं सांगितलं, की आता कुणी शिवत नाही, पान गुळगुळीत नसेल तर जाहिरात मिळत नाही आणि जाहिरात नसेल तर पुढच्या वर्षी अंक नाही. तिचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. ठरलं असं, की दिवाळी अंकात चित्रांऐवजी फोटो घ्यायचे, खरी मॉडेल आणायची, आणि कपडे मात्र आपल्या वाचकांचेच घ्यायचे. हा शेवटचा मुद्दा मी धरून ठेवला होता. मी अक्कांना पत्र घातलं.

पाकिटाऐवजी स्वतः अक्काच आल्या. पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघून साडेअकराला आमच्या जिन्यात. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पदर घट्ट खोचलेला, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात दुधाच्या पिशव्या जोडून शिवलेली थैली. बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "गाडीत बसूनच आलोय की." थैलीतून त्यांनी खणाचा ब्लाउज काढला. जांभळा, हिरव्या काठाचा. आधी मला तो साधाच वाटला. मग त्यांनी तो उलटा केला.

पाठ नेहमीपेक्षा चार बोटं लांब होती. कमरेच्या खाली येणारी, दोन्ही बाजूंना छोटी चीर दिलेली, म्हणजे वाकलं तरी वर सरकणार नाही. बाह्या कोपरापर्यंत, आतून एक नाडी, ती ओढून बटणाला लावली की बाही वर राहते. अक्का सांगत होत्या आणि मी ऐकत होते. लावणीच्या वेळी बाई दिवसभर वाकलेली असते. ब्लाउज वर चढतो, पाठ उघडी पडते. "पाऊसबी तितंच लागतोय आन् बांधावरची बघत्यात बी तितंच," अक्का म्हणाल्या. "चार बोटं कापड जास्त गेलं तर जाऊंद्या की." तसे ब्लाउज वाडीत सात-आठ जणींनी शिवून घेतले होते. हा खणाचा खास छापायसाठी केलेला. दिवाळीला घालायचा आणि पावसात कामाला येणारा, दोन्ही एकात.

मला त्या दिवशी जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. मी तो ब्लाउज उलटा-सुलटा करून पुन्हा पुन्हा बघितला. बाईच्या कपड्याची कितीतरी पानं मी बघितली होती, इथली आणि परदेशातली. पण कुठल्याही पानानं कधी वाकलेल्या बाईचा विचार केला नव्हता. पानातली बाई नेहमी उभी असते.

फोटो गच्चीवर घ्यायचे होते. मॉडेल आली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी, विशीतली. तिनं ब्लाउज घातला आणि आपणहून म्हणाली, किती मोकळं वाटतंय यात. अक्का खूश झाल्या. त्यांनी तिला वाकून बघ म्हटलं, ती वाकलीही. फोटोग्राफर मात्र लेन्समधून बघत मान हलवत होता. म्हणाला, कंबर दिसत नाही, गोणीसारखं येतंय. तन्वीनं बघितलं, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की पाठीमागचं कापड वर दुमडून चिमटे लावू, नाडी काढून टाकू, त्या बाईंना तू समजाव, तुझं ऐकतील.

मी गेले आणि समजावलं. म्हटलं, अक्का, छापताना असं थोडंफार करावं लागतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मग कटिंग तरी हाय तसं छापणार न्हवं?"

मी व्हय म्हटलं. मला माहीत नव्हतं असं नाही. मधलं पान एका दागिन्याच्या पेढीच्या जाहिरातीला गेलंय हे त्याच सकाळी ठरलं होतं.

मग त्यांच्यासमोरच चिमटे लागले. चार बोटं कापड आत दुमडून पाठीवर सहा काळे चिमटे. समोरून काहीच कळत नव्हतं. पुढून बाई सुंदर दिसत होती, कंबर उघडी, हात वर केलेला. अक्का पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहून मागची बाजू बघत होत्या. गच्चीवर तेवढ्या त्या एकट्याच मागून बघत होत्या. संपल्यावर मी त्यांना जेवायला चला म्हटलं. गाडी गाठायचीय म्हणाल्या. ब्लाउज नको, त्या फोटोतल्या मुलीलाच द्या, तिला बसलाय, असंही म्हणाल्या आणि रिकामी थैली घडी करून कमरेला खोचून जिना उतरल्या.

अंक देखणा निघाला. सगळ्यांनी तसं सांगितलं. फोटोखाली ‘खणाचा नवा तोरा’ असं काहीतरी लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत फोटोग्राफरचं, मेकअपवाल्या मुलीचं, दुकानाचं नाव. अक्कांचं नाव जागेअभावी गेलं, असं तन्वी म्हणाली आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी अंक चंदगडला पाठवला, सोबत मोठं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर ओलसर पाकीट कधीच आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. मासिक दोन महिन्यांनी निघायला लागलं, मग वर्षातून एकदा. कुसुमबाई गेल्या. तन्वीनं शेवटी ते फोनवर आणलं. तिथं रोज एक फोटो, खाली दोन ओळी. हजारो जणी बघत होत्या म्हणे, पण दोन इंच वाढवलं तर चालेल का, असं कुणी विचारलं नाही. एक दिवस तेही थांबलं आणि थांबलंय हे मला महिनाभरानं कळलं. मी बुटिकवाल्यांसाठी चित्रं काढायला लागले. आता तेही कमी झालंय. कॉम्प्युटरच आपला आपण चित्रं काढून देतो, क्षणात, पन्नास बायका, सगळ्या उभ्या, सगळ्यांची पाठ भिंतीकडं. मी त्यांतली एक निवडून रंग बदलून देते. पूर्वीचं मासिक शहाणं होतं असं मला म्हणायचं नाही. त्यातही गोरं होण्याचे लेप होते, नवऱ्याला खूश ठेवण्याचे सल्ले होते. पण त्याच्या पोटात एक पान असं होतं की जे फाडल्याशिवाय कामाला यायचं नाही. आता काहीच फाडावं लागत नाही. नुसतं बोटानं वर सरकवायचं.

फोन आला तेव्हा हे सगळं मनात होतं. दोन पानं, मनानं करायची. मी ठरवलं, अक्कांकडं जायचं. त्यांनी सांगायचं, मी काढायचं, वाकलेली बाई काढायची, नाव त्यांचं. मी नवी वही घेतली, पेन्सिली घेतल्या आणि सकाळच्या चंदगड गाडीत बसले. गडहिंग्लज सोडल्यावर काचेवर बारीक पाऊस लागला. भात पोटरीला आलेलं. वाडी सापडायला वेळ लागला नाही, शिलाईच्या अक्का म्हटल्यावर कंडक्टरनंच फाटा दाखवला.

अक्का ओसरीत काजूच्या बियांचं पोतं शिवत बसल्या होत्या. सत्तरीच्या झाल्यात. मी नाव सांगितलं. ओळखलं त्यांनी. रागाची खूण नव्हती, उलट सुनेला हाक मारून चहा टाकायला लावलं. सून सुरेखा, तिशीची, चटपटीत. सासूला आत्ती म्हणते. मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर मोटर बसवलेली. अक्का फॉल-पिको करतात आणि कधी कुणी फोनवर फोटो दाखवला तर तसा ब्लाउज.

मी त्या दिवाळीची माफी मागितली. कटिंग छापणार नाही हे मला माहीत होतं, तेही सांगितलं. अक्कांनी दोरा दातानं तोडला.

"मला बी कळलं हुतं की," त्या म्हणाल्या. "तुमी व्हय म्हणताना माज्याकडं बघितलं न्हाईसा."

मी वही उघडली आणि दोन पानांचं सांगितलं. म्हटलं, अक्का, तुम्ही नुसतं बोला. पूर्वी लिहायचात तसं, कुणाला काय अडतंय ते. त्यांनी नाही म्हटलं नाही. हात पुसून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. आम्ही दीड-दोन तास बसलो. त्या बोलल्या, पण आल्या त्या साऱ्या बातम्या. कोण मेलं, कुणाची पोर बेळगावला दिली, लावणीला आता बाहेरच्या बायका येतात त्या टी-शर्ट घालतात, ते बरंच असतं. मी विचारलं, त्या लांब पाठीच्या ब्लाउजचं काय झालं? म्हणाल्या, आता कोण शिवून घेतंय, पोरींना ते म्हातारीचं वाटतं. मी आणखी विचारत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येत न्हाय आता डोस्क्यात," अक्का म्हणाल्या. "पयलं पाकीट टाकायचं असायचं, म्हणून बाई दिसली की डोस्कं चालायचं. पाकीट थांबलं तसं त्येबी थांबलं. मला कळलंबी न्हाय कधी थांबलं ते."

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुमी काढा की काय तरी. तुमी शिकलेल्या."

मी पेन्सिल टेकवली. वाकलेली बाई काढायची, असं मनाशी धरलं होतं. खांदा आला, मान आली, मग गळा. हात आपला चालत राहिला आणि मी थांबले तेव्हा पानावर एक बाई सरळ उभी होती. लांब मान, पुढं खोल गळा, बाहीला फुगा आणि दोन लटकन. महिन्यात दहा वेळा मी जिचा रंग बदलते, तीच. मी खोडायला रबर शोधत होते, तेवढ्यात सुरेखा कप न्यायला आली आणि खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"आत्ती, बघा की," ती म्हणाली. "मला भावाच्या लग्नाला ह्योच गळा पायजे हुता. फोटू गावंना झालता."

अक्कांनी वही हातात घेतली, लांब धरून, मग जवळ धरून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येईल म्हणून मी बघत होते. तिथं काहीच नव्हतं. वही मशीनवर ठेवून त्यांनी खुंटीवरचा टेप काढून गळ्यात अडकवला आणि सुनेला उजेडात उभी राहा म्हणाल्या. सुरेखा माझ्याकडं बघून हसली. अक्का माप घेत होत्या, आकडे तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या. चारची गाडी चुकली असती तर मुक्काम करावा लागला असता, म्हणून मी वही तिथंच राहू दिली, चपला घातल्या आणि निघाले.